मधलं नाव

“ओर बॉर कोथाय?” टेबलामागचा कारकून शेजारच्याला म्हणाला. हिचा नवरा कुठे आहे?

मी समोरच उभी होते, पण प्रश्न मला विचारलेला नव्हता. मला बंगाली येत नाही असं त्या दोघांनी धरून चाललं होतं आणि मीही तसाच चेहरा ठेवला होता. शाळेपासूनची सवय. कळलं तरी न कळल्यासारखं राहिलं की उत्तर द्यावं लागत नाही.

एस्प्लनेडजवळच्या त्या आयकर कार्यालयात मी पुन्हा आले होते. माझा जन्म परदेशातला. बाबांची तिथली नोकरी सुटली तेव्हा मी बालवाडीतही जात नव्हते. नंतर सगळं इथे बंगालमध्ये, सॉल्ट लेकमध्येच: इंग्रजी शाळा, कॉलेज, आता सेक्टर फाइव्हमधली नोकरी. पासपोर्ट मात्र तिकडचाच राहिला. म्हणून इथे राहण्याचा परवाना अधूनमधून वाढवून घ्यावा लागतो. या वेळी त्यासाठी आयकर खात्याचा दाखला मागितला होता. मी इथे राहते आणि इथेच कर भरते, एवढंच त्यात लिहायचं होतं. पण दुर्गापूजेच्या सुट्टीआधी तो मिळाला नाही तर परवाना संपणार, मला देशाबाहेर जाऊन नव्याने अर्ज करावा लागणार आणि फ्लॅटमध्ये आई एकटी उरणार. बाबांचं वर्षश्राद्धही अजून व्हायचं होतं.

अशा कार्यालयांत बाबा बोलायचे. मी मागे फाइल धरून उभी राहायचे.

पहिल्या खेपेला हाच कारकून पासपोर्टवरचं माझं आडनाव बघून खूश झाला होता. “अरे, मराठी! बराकपूरला आमच्या शेजारी मिलिटरीतलं मराठी कुटुंब होतं. त्या बौदी, म्हणजे वहिनी, स्वतःच्या नावात नवऱ्याचं नाव लिहायच्या. तुमच्यात सगळ्याच लिहितात ना?” मग त्याने माझ्या मधल्या नावावर बोट ठेवलं. “तर हे तुझे मिस्टर. त्यांना कागद घेऊन बरोबर आण, म्हणजे काम झालं.”

ते नाव बाबांचं. आमच्याकडे लग्नापर्यंत मुलीच्या नावात वडिलांचं नाव असतं, नवऱ्याचं त्यानंतर येतं. एवढंच सांगायचं होतं. पण आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीवर तो इतका खूश होता, आणि मागून एकाची बॅग माझ्या पाठीला टोचत होती. मी “ओके” म्हणाले आणि घरी आले.

“आणि तू काय म्हणालीस?” आईने विचारलं.

“ओके म्हणाले.”

“नवरा म्हणे!” आई हसली. कित्येक महिन्यांनी हसली. मग कणीक मळता मळता म्हणाली, “ते असते तर त्याच्याशेजारी खुर्ची ओढून सगळी वंशावळ ऐकवली असती. चहा पिऊन आले असते वर. मी येऊ का तुझ्याबरोबर?”

“नको.”

तिचे गुडघे, तो जिना, ती रांग. आणि तिच्यासमोर कुणी पुन्हा तोच प्रश्न विचारला असता तर मला तिच्याकडे बघवलं नसतं.

म्हणून आज एकटीच आले होते. रांगेत उभं राहून पाय भरून आले होते. वरचा पंखा फिरत होता, पण वारा आमच्यापर्यंत येत नव्हता. बॅगेत बाबांच्या मृत्यूचा दाखला होता. गरज पडली तर दाखवू, असं घरून निघताना ठरवलं होतं. गरज पडू नये असंही वाटत होतं.

“की गो मा, आजही मिस्टर नाहीत?” ‘काय गं पोरी’ एवढं बंगालीत म्हणून कारकून आता हिंदीत माझ्याशी बोलू लागला.

“मराठी नवरे फार बिझी असतात, दादा,” शेजारचा म्हणाला.

“नाहीतर भांडण झालं असेल. भांडणं घरी ठेवावीत, मा. इथे दोघांनी यावं.”

रांगेतले एकदोघं हसले. मीही हसले. तोंड आपोआप तसं झालं. त्याचं मला नंतर फार वाईट वाटलं.

तो माणूस वाईट नव्हता. चहा बाजूला सारून त्याने घड्याळाकडे पाहिलं. “साहेब उद्यापासून रजेवर आहेत, मग पूजेची सुट्टी. सही होईल तर आजच. तुझे मिस्टर तासाभरात आले तर मी थांबवून ठेवतो साहेबांना.” त्याने टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला. “तुला लाज वाटत असेल तर मी बोलतो. नंबर सांग.”

बाबांचा नंबर मला अजून पाठ होता. पहिला आकडा ओठांवर आलासुद्धा. रिसीव्हर कानाला लावून, एक बोट बटणावर ठेवून तो माझ्याकडे पाहत थांबला.

मी कागदांवर हात ठेवला आणि बंगालीतच म्हणाले, “माझं लग्न झालेलं नाही. ते माझे बाबा आहेत. ते आता येणार नाहीत, म्हणून मी आले आहे.”