वाल्मीकचा ओव्हरटाइम

मागच्या वर्षी आमच्या श्रमिकनगरात बातमी फिरत होती की वाल्मीकने बाहेर दुसरं घर केलंय. बातमी मी पसरवली म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. माझं किराणा दुकान. आलेला माल मी गिऱ्हाइकाला बांधून देतो, वजन वाढवत नाही. फारसं.

पण बातमीला बूड होतं. वाल्मीक सत्तावन्नचा, सातपूर एमआयडीसीत स्प्रिंगा बनवणाऱ्या कंपनीत सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं एकाच मशीनवर. मान खाली घालून जायचं, मान खाली घालून यायचं. असा माणूस एकाएकी रविवारीसुद्धा डबा घेऊन निघायला लागला. भाऊबिजेला बहीण ओवाळायला आली तर हा गायब. देवळाली कॅम्पला साडूच्या पोरीची हळद, तिथेही त्याची बायको लताबाई एकटीच गेली, आणि बायकांनी तिला हळदीपेक्षा प्रश्नच जास्त लावले.

शेवटी मीच त्याला दुकानात धरला. "काय रे, तिकडचीचं नाव तरी सांग."

"कोणाचं, अप्पा?"

"जिच्यासाठी रविवारी भांग पाडून जातोस तिचं."

गडी लाजला. मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "पेन्शन आहे ती."

भानगड अशी, की त्याचा साडू गोरक्ष फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेला. त्याला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन. हे तो लग्नात, बारशात, दहाव्यालासुद्धा सांगतो. वाल्मीकने गाठ बांधली, आपलंही तसंच असणार. मग शेवटचा पगार वाढवला पाहिजे. बाजाराला न्यायच्या आधी बोकड चारतात तसा. गंमत म्हणजे हे खूळ त्याच्या एकट्याचं नव्हतं. त्यांच्या खात्यात रिवाजच पडलेला, ज्याचं शेवटचं वर्ष त्याला ओव्हरटाइम पहिला. बाकीचे आपली पाळी सोडतात, पाठीवर थाप मारतात. त्याच्या आधी मोतीराम रिटायर झाला, त्याला पेन्शन किरकोळ बसली. तर सगळे म्हणाले, मोतीराम आळशी, ओव्हरटाइम कमी पडला त्याचा!

लताबाईला वाल्मीकने शब्द दिला होता, "एक वर्ष सोस. पेन्शन बसली की मी घरी. परत कोणाची नोकरी करायची नाही." कंपनीच्या गेटवर वॉचमनची जागा चालून आली, तीही त्याने ठेकेदाराला ऐटीत नाही म्हणून सांगितली.

अठ्ठावन्न भरायला महिना राहिला तेव्हा तो मला घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेला. म्हणाला, "अप्पा, तुम्हाला हिशोब कळतो." मला उधारीचा कळतो, पण नाही म्हणवेना. तिथे तेजल नावाची मुलगी होती, गोड बोलणारी.

"काका, पेन्शनला ओव्हरटाइम धरतच नाहीत. फक्त बेसिक आणि महागाई भत्ता. तोही पंधरा हजारांपर्यंत."

"पण माझे तर दोन्ही मिळून बावीस होतात."

"असू द्या. हिशोबाला पंधराच."

वाल्मीकने खुर्ची पुढे ओढली. "आणि शेवटचा पगार?"

"शेवटचा नाही. शेवटच्या पाच वर्षांची सरासरी. तिला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरने भागायचं."

"सत्तर कशाला? मी तर अठ्ठावन्नचा होतोय."

"ते वय नाही काका, सूत्रच तसं आहे. शिवाय दोन हजार चौदाच्या आधीच्या वर्षांना मर्यादा साडेसहा हजारांची, म्हणून तो तुकडा वेगळा. आणि वीसच्या वर वर्षं झाली म्हणून दोन वर्षं जास्तीची धरायची."

वाल्मीकने बोटांवर मोजून पाहिलं. "म्हणजे न केलेली दोन वर्षं धरतात आणि केलेला ओव्हरटाइम धरत नाहीत?"

तेजलने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

आकडा निघाला साडेचार हजारांच्या आसपास. "फंड आणि ग्रॅच्युइटी वेगळी मिळेल," ती घाईने म्हणाली. "आणि पेन्शन आत्ता न घेता साठीपर्यंत थांबलात तर वर्षाला चार टक्के वाढेल."

"थांबायचं म्हणजे कामाला यायचं, की नुसतं बसायचं?"

तिने तेही समजावलं. मला आधीचंच कळलं नव्हतं, हे कुठून कळणार! वाटेत वाल्मीक दोनदा रिक्षासमोर जाता जाता वाचला.

घरी लताबाई भाकरी थापत होती. वाल्मीकने उभ्या उभ्याच पंधरा, साडेसहा, सत्तर, चार टक्के, सगळं तिच्यापुढे ओतलं. शेवटी म्हणाला, "आता त्या ठेकेदाराच्या पाया पडावं लागतंय. वॉचमन तर वॉचमन."

लताबाईने परातीतला हात थांबवला. "माझ्याच बहिणीच्या घरी हळदीला मी एकटी गेले. लोकांनी काय काय विचारलं, सांगू? हे अप्पा बसलेत, यांना सगळं पाठ असेल."

मी चपला शोधायला लागलो.

"माझी मेस चालते," ती म्हणाली, "वीस डबे जातात. फंडाचे येतील. पेन्शन साडेचार हजार बसो नाहीतर चारशे बसो, तुम्ही शब्द पेन्शनला नव्हता दिला, मला दिला होता. गेटवर उभे राहिलात तर डबा त्या ठेकेदाराकडेच मागायचा."

"अगं, पण पुरणार का?"

"मला नाही माहीत. तुम्हाला तरी वर्षभर कुठे माहीत होतं?"

वाल्मीक परातीसमोरच बसला. त्याला आनंद झाला की धक्का बसला, हे त्याचं त्यालाही कळत नसावं.

तो रिटायर झाल्यावर पहिल्याच रविवारी दुपारी मी डोकावलो. मुद्दामच, बातमीशिवाय दुकान चालत नाही. लताबाई पंख्याखाली गाढ झोपली होती आणि वाल्मीक ओट्याशी चहाचं आधण बघत उभा होता.

"अप्पा," तो कुजबुजला, "दोन कपांना साखर किती टाकते ही?"

"उठवून विचार की."

"नको," तो म्हणाला. "झोपू द्या तिला. वर्षभर रविवारीसुद्धा पहाटे पाचला उठून डबा भरलाय तिने." आणि चमचा हातात धरून तसाच उभा राहिला.