संपतच्या गळ्यातली वीणा

अकोल्याहून परतलेल्या गाडीवानाने बैल सोडता सोडता सांगितलं, "मास्तर, तुमचा संपत गेला ना." त्याला आता महिना होऊन गेला. गावातले लोक अजून विचारतात, एवढा गाणारा माणूस पुढे मुका कसा झाला? विचारणाऱ्यांतले निम्मे त्या दुपारी बाजारात होते, म्हणून मला त्यांचा राग येतो.

संपत भातकुलीचा माळी. सकाळी फुलं विकायची आणि दिवसभर गुणगुणायचं. आमच्या भजनाला त्याने नवी पदं रचली, नवी रीतही लावली. टाळकऱ्यांच्या दोन रांगा, आणि एकीचा श्वास संपायच्या आत दुसरीने झील धरायची, म्हणजे तीच ओळ पुढे उचलायची. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. "हे भजन होय का मोटेवरचं गानं?" पण सगळे गळे एकमेकांत मिसळले की त्याच म्हाताऱ्यांच्या माना डोलायच्या. त्याला स्वतःला रांगेत बसून गायला आवडे. पण सप्ताह आला की वीणा त्याच्याच गळ्यात पडे, कारण तास न् तास उभं राहायची ताकद त्याच्यात होती. वीणेचा नेम कडक. सप्ताह उठेपर्यंत ती जमिनीला टेकायची नाही, धरणाऱ्याने बसायचं नाही, आणि देवळातलं नाम तुटायचं नाही. पुढचा गडी आला की त्याच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं.

त्या साली दूरदेशी लढाई जुंपली होती आणि आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. ऐन सप्ताहात आवई उठली, की अमरावतीच्या पेठेत भाव आणखी चढला. एकेक जण देवाला हात जोडून उठला, "आलोच" म्हणाला आणि गाडी जुंपून गेला. देव काय, कुठे पळून जातो थोडाच! देवळात उरलो आम्ही दोघं. मी जन्माचा पांगळा, मला उभंच राहता येत नाही.

ऊन उतरलं तरी कोणी फिरकलं नाही. त्याची धाकटी चंद्री तापाने फणफणली होती. तो दाराकडे पाही आणि गात राही... शेवटी त्याची बायको, आमच्या वहिनीच पोरीला उचलून देवळात आल्या. बाईच्या गळ्यात वीणा द्यायची रीत नव्हती. "तुमचंच नाव घेऊन राहिली," एवढंच म्हणाल्या आणि त्याच्या पायाशी बसल्या.

पोरीने डोळे उघडले. "बा, मायासंग बोल ना. काहून बोलत नाई?"

संपतच्या डोळ्यांतून धार आणि तोंडात देवाचं नाव. देवाच्याच दारात इतका कोंडलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मला सहन होईना. त्याची ओळ संपायच्या आत मी झील धरली आणि ती सोडलीच नाही. हाताने त्याला पोरीकडे दाखवलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग गायचा थांबला. वीणा छातीशी धरून वाकला आणि पोरीच्या कानाशी तोंड नेलं.

गाड्या परत आल्या तेव्हा चंद्री आईच्या मांडीवर गार झाली होती. वीणा त्याच्या गळ्यातच होती. वर्षभरात तो अकोल्याला गेला, तिथे फुलं विकली, पण गायला नाही.

वहिनी गेल्या, आता तोही गेला. तो पोरीला काय बोलला, ते लोक मला विचारतात. मी हातभर अंतरावर होतो, पण मला एक शब्द ऐकू आला नाही. मी गात होतो.