हातातला लगाम

माझा नातू संघर्ष आयर्लंडात घोडे पळवतो, असं नेरच्या बाजारात सांगितलं तर बाया क्षणभर माझ्याकडं बघतात आणि मग भाजीवाल्याला भेंडीचा भाव विचारतात. मलाही पुष्कळ दिवस खरं वाटलं नव्हतं. आता वाटतं.

घोडी आमच्या घरी होतीच, लग्नाच्या वरातीची. एके काळी काही गावांत आमच्या समाजाच्या नवरदेवासाठी घोडीवाला यायलाच तयार नसे. म्हणून यांनी, म्हणजे संघर्षच्या आबाजींनी, स्वतःच घोडी घेतली. मैना तिचं नाव. नवरदेव कोणाचाही असो, मैना सारखीच नाचायची. एकदा बाभुळगावच्या वरातीत फटाक्यांची लड तिच्या पायाशी फुटली. नवरदेव उतरलेला होता, ते बरं. मैना उधळली, हे पडले, पण लगाम सोडला नाही. भर रस्त्यानं फरफटत गेले. घरी आले ते पाठ सोललेली आणि घोडी हातात. “जीव गेला तरी लगाम सोडाचा नाई,” असं ते संघर्षला जेवताना सांगायचे. घोडी पळाली तर पोट पळालं. पोरानं ते भाकरीच्या घासाबरोबर गिळलं.

मोठा झाल्यावर तो पुण्याला शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात लागला. लीद काढायची, खरारा करायचा, पहाटे घोडे फिरवायचे. अंग हलकं, मांड घट्ट. तिथूनच आयर्लंडचं काम मिळालं. मागच्या हिवाळ्यात तिथल्या मालकानं त्याला शर्यतीत बसवलं. ती साधी शर्यत नाही. वाटेत काडक्यांची कुंपणं उभी करतात आणि घोड्यानं धावता धावता त्यांच्यावरून उडी मारायची. आपण कुंपण घालतो ते जनावर आत येऊ नये म्हणून. तिकडं उलटं शहाणपण.

त्यात पाऊस. रान भिजून जड झालं तरी शर्यत थांबवत नाहीत, फक्त जाहीर करतात की जमीन जड आहे. ओल्या कपाशीच्या रानात पाय टाकला की चप्पल आतच राहते, हे आम्हांला कोणी जाहीर करावं लागत नाही. अशा चिखलात घोडा दमला की त्याची उडी आखूड पडते.

पहिल्याच शर्यतीत तसं झालं. घोडा पडला, उठला आणि पळाला, आणि लगाम संघर्षच्या मुठीत. फरफटत गेला. मागून येणाऱ्या घोड्यांच्या टापा थोडक्यात चुकल्या. खांद्याजवळचं हाड मोडलं. मालक खूप ओरडला. तिथला पहिला धडाच असा की पडलास तर लगाम सोड, अंग गोळा कर आणि सगळे घोडे जाईपर्यंत पडून राहा.

“मंग काहून नाई सोडला?” मी फोनवर विचारलं.

“मनातून सोडलता वं आजी. हातच उघडत नाई. आबाजी दिसते.”

मी यांच्या फोटोकडं पाहिलं. माणूस जाऊन वर्षं झाली, तरी नातवाची मूठ आवळून बसला होता.

हाड जुळलं तसा संघर्ष पुन्हा बसायला निघाला. शर्यत आपल्याकडच्या दिवेलागणीला होती. त्याआधी त्याचा फोन आला.

“आजी, आज जमीन लय जड हाये.”

“मंग नको बसू. पोट दुखते म्हन.”

“शाळा हाये काय वं हे?”

“बरं आयक. पडला तं लगाम सोडजो.”

“पन आबाजी म्हनत—”

“तुया आबाजीले मी पाहून घेते. थे मैना आपली होती. हा घोडा मालकाचा हाये. आमचा तू हायेस.”

त्यानं फोन ठेवला.

त्याची आई साधना हिनं मोबाइलवर शर्यत लावून तो पिठाच्या डब्याला टेकवला. शेजारची हंसाबाई येऊन बसली. घोडे सुटले. थोड्याच वेळात सगळे एका रंगाचे झाले.

“यातला आपला कोनता वं?”

“भुऱ्या घोड्यावरचा. पांढरी टोपी.”

“सगळ्याइच्याच टोप्या मातीच्या झाल्या न बाप्पा.”

साधनानं डोळे मिटून माझं मनगट धरलं. प्रत्येक कुंपणाला विचारायची, “झाली उडी?” मी म्हणायची, “झाली.” मला तरी कुठं धड दिसत होतं. दुसऱ्या फेरीला घोडे पळत नव्हते, गाळातून गाडी ओढावी तसे स्वतःला ओढत होते. शेवटून दुसऱ्या कुंपणाला भुऱ्यानं उडी उशिरा घेतली. त्याची छाती काडक्यांत गेली आणि टोपी खाली दिसेनाशी झाली. कॅमेरा पुढच्या घोड्यांमागं निघून गेला. पडलेल्याला कोण पाहतं?

“झाली उडी?” साधनानं विचारलं.

मी मोबाइल उचलून डोळ्यांजवळ धरला.

पहिला घोडा पोचला, लोक नाचले. मग सगळ्यांच्या मागून भुरा आला, एकटाच. पाठ रिकामी, लगाम लोंबत होता.

“हा तं आपला घोडा,” हंसाबाई म्हणाली. “पोट्टा कुठी हाये?”

लगाम सोड म्हणून मीच सांगितलं होतं. तो सुटलेला पाहिला आणि मी त्याच्या टोकाशी पोराला शोधू लागले. संघर्षनं स्वतः सोडला, की धरायला त्याच्या हातात जीवच उरला नाही, हे त्या लोंबत्या लगामावरून कसं कळावं? साधना फोन लावत होती, नुसती घंटी वाजत होती. हंसाबाईनं पाणी आणलं, ते कोणी प्यालं नाही.

मग त्याचाच फोन आला.

“आजी, सोडला.”

“हाडं?”

“जागेवर हाये. समदे जायेपर्यंत गोळा होऊन पडलो होतो. टापा कानापासून गेल्या वं. तोंडात चिखल गेला.”

“थुंक मंग.”

“थुकलो. घोडा तिथल्या लोकाइनं धरला.” मग म्हणाला, “पुढच्या आठवड्यात पुन्हा बसवतो म्हन्ते मालक.”

साधनानं फोन हिसकला आणि रडत रडत त्याच्याशी भांडायला लागली. मी चुलीजवळ जाऊन भाकरी थापायला घेतल्या. कान मात्र फोनकडं होता. एकही भाकरी अख्खी उतरली नाही, त्या रात्री आम्ही तुकडेच खाल्ले.