रंगाचं टोक

कारखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणत. कारण तिचा धाकटा दीर. तो आधीपासून तिथे करवतीच्या यंत्रावर पोलादाचे बार कापायचा. ती हिशेबाच्या टेबलावर रुजू झाली त्या दिवशी त्याने सगळ्यांदेखत तिला "वहिनी" अशी हाक मारली आणि संध्याकाळपर्यंत ती साऱ्या कारखान्याची वहिनी झाली. साहेबही कधी विसरून वहिनी म्हणायचे आणि मग उगाच घसा खाकरायचे.

पोलादाचं गोदाम सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला, तेव्हा साहेबांनी किल्ली तिच्या हाती दिली. जाणकार माणूस मिळेपर्यंतच, असं बजावून. तिला तिथे पहिल्याच दिवशी करमलं. उंच छत, तेलाचा वास, मांडणीवर आडवे निजलेले काळे बार आणि झरोक्यातून त्यांच्या पाठीवरून सावकाश सरकत जाणारं ऊन. इतकी वर्षं ज्यांची नुसती नावं ती कागदावर उतरवत आली होती, त्यांना वजन होतं, गारवा होता. ही किल्ली परत द्यावी लागू नये, एवढंच तिला वाटायचं. बोलली मात्र कुणाजवळ नाही.

धातुशास्त्र न शिकलेल्या नोकरदारांसाठी कुठेसा एक वर्ग होता. साहेबांनी तिला तिथे धाडलं. वर्गात खरेदीवाले होते, विक्रीवाले होते, एक वकीलही होता. शिकवणाऱ्या बाईंनी सगळं घरच्या भाषेत सांगितलं. लोखंडात कार्बन पडतो तो चिमूटभर, पण पोलादाचा स्वभाव त्या चिमटीवर ठरतो. कार्बन कमी असेल तर पोलाद मऊ राहतं, वाकतं पण सहसा मोडत नाही. थोडा जास्त असेल तर लाल तापवून पाण्यात बुडवल्यावर कडक होतं. कमी कार्बनवाल्याला कितीही पाणी पाजा, ते ढिम्म.

घरी जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने विचारलं, आपल्या घरात कार्बन कुणात जास्त? सासूबाई म्हणाल्या, एवढं कळायला वर्गाला जायला नको होतं. दीर ताटात तोंड घालून हसत राहिला.

कारखान्यात रुग्णालयांसाठी ढकलगाड्या बनत. सांगाड्याला मऊ पोलाद लागायचं, चाकांच्या आसाला कडक होणारं. दोन्हींचे बार एकाच जाडीचे, दिसायला जुळे भाऊ. म्हणून मऊ बारांच्या एका टोकाला पिवळा रंग, कडक होणाऱ्यांच्या टोकाला निळा. आणि कापायचं ते नेहमी कोऱ्या बाजूने, म्हणजे शेवटच्या तुकड्यापर्यंत रंग सोबत राहतो.

एका सकाळी मांडणी हलवली गेली आणि बार उलट तोंडाने ठेवले गेले. दिराचा हात मात्र नेहमीच्याच बाजूला गेला. टोक सरळ करायला आधी एक पातळ चकती उडवायची, ही त्याची जुनी सवय. एकेक करत त्या दिवशी कापायच्या सगळ्या बारांची रंगीत टोकं त्याने भंगारात टाकली. लक्षात आलं तेव्हा करवतीजवळच्या गाड्यावर ते सगळे बार बिनरंगाचे, एकमेकांत मिसळून पडले होते.

तो गोदामाच्या दाराशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"वहिनी, घोळ झालाय. अंदाजाने रंग लावून टाकू का? दिसायला तर सारखेच आहेत."

"सारखेच आहेत, भावोजी, तीच तर पंचाईत आहे."

तो म्हणाला ते सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. साहेबांना सांगावं तर किल्ली गेल्यातच जमा. ती क्षणभर खिशातल्या किल्लीवर हात ठेवून उभी राहिली. मग एखादी गाडी उतारावरून जाताना तिचा आस वाकला तर, हा विचार मनात आला आणि तिचा स्वतःशी चाललेला वाद संपला. तिने जाऊन साहेबांना सगळं सांगितलं, आणि वर्गात शिकलेली एक परीक्षा करून बघू का, असंही विचारलं. साहेबांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, करा, मी येतो.

ठिणग्या नीट दिसाव्यात म्हणून धार लावायच्या चाकाजवळचा दिवा मालवला. आधी तिने मांडणीवर उरलेले दोन खात्रीचे, रंगवाले तुकडे चाकाला लावून घेतले. पिवळ्याच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या गेल्या. निळ्यात कार्बन जास्त, म्हणून त्याची रेघ थोडी जाऊन फुटायची आणि तिची चांदणी व्हायची. मग एकेक बार. दीर धरायचा, ती बघायची. दोन ढीग होत गेले. मग दिराने प्रत्येक बारची एक ताजी चकती कापली आणि भट्टीवाल्या काकांनी ती लाल करून पाण्यात बुडवली. गार झाल्यावर तिने कानस फिरवली. एका ढिगाच्या चकत्यांना कानस चावत होती, दुसऱ्या ढिगाच्या चकत्यांवरून घसरत होती. काका दाढी खाजवत म्हणाले, जमतंय की.

एक बार मात्र राहिला. त्याची रेघ फुटल्यासारखी वाटायची, पण चांदणी काही नीट उमलेना. कानसही धड चावेना, धड घसरेना.

"निळाच आहे हो," दीर हळूच म्हणाला. साहेब मागेच उभे होते.

"हा कुठल्या ढिगात?" त्यांनी विचारलं.

"कुठल्याच नाही, साहेब. याचं मला कळत नाही. प्रयोगशाळेत पाठवू या."

साहेबांनी तो बार पायाने हलकेच बाजूला लोटला. जाताना दारात थांबले.

"हिशेबाचं टेबल कुणाकडे द्यायचं, ते उद्या सांगा, वहिनी."

या वेळी ते खाकरले नाहीत. तिने मान हलवली आणि ब्रश शोधायला आत वळली. आता बारांची दोन्ही टोकं रंगवायची, असं तिने दिराला बजावलं.

"मग मी मधून कापतो," तो म्हणाला, आणि पिवळ्या रंगाचा डबा उघडू लागला.