आधी हँडब्रेक, मग किल्ली

"एका दिवसात टायर संपले?"

"पुढचे दोन. मागचे चालतील अजून."

"आणि मागून थरथरते ती?"

"तो ब्रेक आहे, आबांग. कितीदा सांगू?"

"चारशे ऐंशी रिंगिटचा क्लास म्हणाली होतीस."

"क्लास चारशे ऐंशीचाच आहे. गाडी आपली आहे."

झुल्फादली शाळेत कारकून आहे. त्याची बायको रोहायू त्याला आबांग म्हणते, मलेशियात बायका नवऱ्याला म्हणतात तसं; ती इथे सेरेम्बानात चोवीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवते. मीही तिच्याकडेच शिकले. गाडी थांबली की आधी हँडब्रेक, मग किल्ली. विसरलं की ती पुन्हा गाडी सुरू करायला लावायची. तोंडाने काही बोलायची नाही.

गेल्या वर्षी भर पावसात एका शिकाऊ मुलीच्या हातून गाडी घसरली आणि दुभाजकाजवळ जाऊन फिरली. शेजारी बसलेल्या रोहायूला काय करायचं ते सुचलं नाही. कुणाला लागलं नाही. पण तेव्हापासून ओल्या रस्त्यावर गाडी कशी सावरायची, हे तिला शिकायचं होतं. सेपांगच्या रेसच्या ट्रॅकवर ते शिकवतात. दोन रविवार, स्वतःच्या गाडीवर.

गाडीत नवं ब्रेक ऑइल घातलं, पुढचे ब्रेक पॅड बदलले, हेल्मेट भाड्याने आणलं. विमावाला फोनवर हसला. म्हणाला, "ट्रॅकवर काही झालं तर आम्हाला फोन करू नका, कक." कक म्हणजे ताई.

पहिल्या रविवारी शिकवणारा देवेंद्रन तिच्या मुलाच्या वयाचा. त्याने बजावलं होतं, "तापलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढायचा नाही. चाकाखाली लाकूड लावा." रोहायूने मान डोलावली. तिसऱ्या फेरीनंतर ती ट्रॅकवरून आत आली, गाडी थांबली आणि हात आपोआप गेला. चहा पिऊन परतली तोवर मागचे पॅड तापलेल्या डिस्कला चिकटले होते. सुटताना काडकन आवाज झाला.

"सांगितलं होतं ना, कक?"

"चोवीस वर्षांची सवय आहे."

"मग तुमच्यातल्या मास्तरणीलाच पकडा."

मेकॅनिकने मागच्या डिस्क, पॅड आणि दोन टायर सांगितले. घरात पैसे होते ते एकदाच दुरुस्ती होईल इतकेच. पुढच्या आठवड्यात राया, म्हणजे ईद, आणि दूर कोटा बारूला झुल्फादलीची आई वाट बघत होती.

"दुरुस्त करून आणशील, रविवारी पुन्हा तिकडे घासशील. मग आईकडे बसने जायचं? रायाची तिकिटं आता मिळतात होय?"

"पहिल्या दिवशी नुसता ब्रेक दाबायला शिकवलं. पाण्यातलं सगळं या रविवारी आहे."

"पुढच्या वर्षी शिक."

"पुढच्या वर्षीपर्यंत किती मुली बसवू गाडीत?"

"आईला काय सांगू मी?"

"सांगा, सून गाडी शिकतेय."

झुल्फादलीला हसू आलं, ते त्याने गिळलं.

"रोहा, सरळ सांग. रविवारी गाडी नेणार आहेस का?"

स्वयंपाकघराचं दार उघडं राहावं म्हणून खाली लाकडाची एक पाचर लावलेली होती. रोहायूने ती वाकून काढली, पिशवीत टाकली आणि बाहेर गेली. दार हळूहळू मिटलं.