दोघाले इचारजो

अमरावतीची एस.टी. हिवरखेडच्या स्टँडवर लागली. तिच्या कपाळावर ठळक अक्षरांत ‘अमरावती’ लिहिलेलं होतं, तरी बाबा कंडक्टरकडे गेले आणि म्हणाले, “अमरावतीले जाते ना?” कंडक्टर हो म्हणाला. तेवढ्यानं त्यांचं भागलं नाही. स्टँडबाहेरच्या पानठेल्यावर जाऊन त्यांनी तेच पुन्हा विचारलं. मी अठरा वर्षांची होते, अमरावतीच्या कॉलेजात नाव लागलेली, पत्र्याच्या पेटीजवळ मान खाली घालून उभी. गावातली अर्धी मंडळी स्टँडवर होती.

“बाबा, पाटी आहे ना गाडीवर.”

“पाटी लिहिणारा गाडी चालोते काय?”

आईनं खिडकीतून चिवड्याचा डबा दिला. बाबांनी काही दिलं नाही. गाडी हलता हलता खिडकीचा गज धरून ते म्हणाले, “कोणतीबी गोष्ट दोघाले इचारजो. पण त्या दोघाची एकमेकाशी वळख नको.” अकोटपर्यंत मी त्यांच्यावर चिडून होते. आपल्या मुलीला घराबाहेर पाठवताना माणसानं याहून बरं काही बोलावं, असं मला वाटत होतं.

बाबांची ही सवय मळ्यातून आली होती. आमची वांगी, मेथी, कोथिंबीर अकोटच्या बाजारात जायची. आज भाव काय, हे बाजारातून परतणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला विचारायचं, आणि मग टेम्पोवाल्याला विचारायचं. पण दोघं एकाच हॉटेलात चहा पिऊन आले आहेत असं कळलं, तर बाबा त्यांचं काहीच धरायचे नाहीत. ती एकच बातमी दोन तोंडांनी आली असं ते समजायचे. मग तिसरा माणूस शोधायला रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. आई हसायची. “तुह्या बापाले पोलिसात घ्यायले पाहिजे होतं,” म्हणायची.

अमरावतीत दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी वसतिगृहाच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. गावातल्या कोणीतरी एसटीडीवरून केला होता. मोठ्या आईची तब्येत जास्त आहे, निघून ये. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. लहानपणी मी तिच्याच कुशीत झोपायची. मी स्टँडवर येऊन तिच्यासाठी डझनभर मोसंबी घेतली. गाडीत जागा मिळाली नाही तर पिशवी पायांत धरून उभी राहिले, चेंगरू नये म्हणून. दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा घरासमोर माणसं डोक्याला रुमाल बांधून बसलेली दिसली. कोणीतरी माझ्या हातातून ती पिशवी काढून घेतली. हळूच. मोठी आई आदल्या रात्रीच गेली होती. मोसंबीची पिशवी कुठे गेली, हे मला आजही माहीत नाही.

चार दिवसांनी मी बाबांना विचारलं, खोटं काहून सांगितलं? त्यांनी वर पाहिलं नाही. “खरं सांगितलं असतं तं चार घंटे एकटीच रडत आली असती. गाडीत कोण होतं तुह्यं?”

तुमच्यापैकी जे गावाबाहेर पडले, त्यांना हे सांगायची गरज नाही. दूर असलेल्या माणसाला मरणाची बातमी फोनवर द्यायची नाही, तब्येत जास्त आहे एवढंच सांगून बोलावून घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. लग्नानंतर मी पुण्यात आले; इथे आमच्या भागातली दोन-चार कुटुंबं आहेत. कोणाला असा फोन आला की बाकीचे एकमेकांकडे पाहतात, आणि कोणी विचारत नाही की माणूस कसा आहे. तुम्ही जे मागं राहिलात, तुम्हाला वाटत असेल की आम्हाला कळत नाही. आम्हाला सगळं कळतं. आम्हाला नको तेवढं कळायला लागलं, आणि तेच मी आज लिहिते आहे.

पुण्यात मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मुलं मोबाईलवर काहीतरी वाचून येतात आणि म्हणतात, मॅडम, असं आहे. मी विचारते, कोण म्हणतं? त्याला हे कुठून कळलं? दुसऱ्या कोणी हेच लिहिलंय का, की पहिल्याचंच उतरवून काढलंय? बाबा पानठेल्यावर करायचे तेच मी पगार घेऊन शिकवते, हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली.

घरच्या बातम्यांच्या बाबतीत मात्र माझी नजर वेगळीच तयार झाली होती. आमच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात, गुडघेदुखीवर मेथीचे उपाय येतात, आणि ‘सगळे मजेत’ येतं. माझा या शेवटच्यावर कधीच विश्वास बसला नाही. व्हिडिओ कॉलवर मी आईच्या चेहऱ्याआधी तिच्या मागची भिंत पाहायचे. आमच्या बैठकीत एक कॅलेंडर आहे, खतांच्या दुकानातून मिळालेलं. एकदा ते दिसलं नाही. पांढऱ्या फरश्यांची भिंत दिसली. कुठे आहेस, विचारलं तर म्हणाली, “मामाकडं आलो.” मामाच्या घराला असल्या फरश्या नाहीत. पुढच्या दिवाळीत गेले तेव्हा कपाटात दवाखान्याची फाईल सापडली. बाबांना तेव्हा चार दिवस भरती केलं होतं. मी भांडले. बाबा नुसते हसले आणि म्हणाले, “बरा झालो ना मंग? बरं झाल्यावर सांगनारच होतो.”

त्या दिवसापासून घरून आलेल्या प्रत्येक शब्दाच्या मागची भिंत मी पाहू लागले.

यंदाच्या वैशाखात, एका दुपारी तीनच्या सुमारास दिनूचा फोन आला. दिनू माझा धाकटा भाऊ, मळा तोच पाहतो. “ताई, बाबाची तब्येत जास्त हाये. अकोल्याले आणलं. निघून ये.”

मी ग्रंथालयात उभी होते. म्हणाले, “त्यांना फोन दे.”

“झोपून राहिले आता.”

त्याच्या मागे कोणीतरी बाई रडत होती. मला वाटलं, आई.

“ताई, आजच निघ. संध्याकाळच्या गाडीनं.”

“उद्या पहाटे निघतो आम्ही, कारनं. हे आज नाशिकला आहेत.”

“आज नाही जमनार?”

मी त्याच्या आवाजातसुद्धा ती रीतच ऐकली. बिचारा किती नीट बोलतो आहे, असं वाटलं. बाबा गेले, हे मी तिथल्या तिथे मानून टाकलं. एवढ्या उन्हाळ्यात कोणी सकाळपर्यंत थांबणार नाही, संध्याकाळीच सगळं आटोपतील, मग विनाआरक्षण रात्रभर उभं राहून जायचं कशासाठी, असा हिशेब मी केला. घरी आले. डोक्यावरून पाणी घेतलं, सुतकाची अंघोळ करतात तशी. देवघराचं दार लोटलं. देवापुढे दिवा लावला नाही. काय रडायचं ते त्या संध्याकाळी रडून घेतलं.

एक फोन केला असता तर कळलं असतं. हिवरखेडला आमच्या शेजारी दोन घरं आहेत. ज्या डॉक्टरांनी बाबांना अकोल्याला न्यायला सांगितलं, त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मी कोणालाही विचारलं नाही. मला ठाऊकच होतं ना.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही जालन्याच्या पुढे होतो. दिनूचा फोन आला. “ताई, बाबा गेले. आत्ता. दहा मिनटं झाले.”

मला आधी वाटलं, आता हा रीतसर सांगतो आहे. मी “हो रे” म्हणाले, समजूत घालावी तसं. मग तो ओरडून रडायला लागला. “तुह्यी वाट पाहून राहिले होते वं ताई, काल रातपासून.” यांनी गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेला कपाशीसाठी नांगरून ठेवलेलं काळं रान होतं.

संध्याकाळच्या गाडीनं पहाटे अकोल्याला उतरले असते. तिथून दवाखाना ऑटोनं दहा मिनिटं.

घरी आईनं मला पाहिलं आणि पहिलं वाक्य हेच बोलली, “ते शुद्धीवरच नव्हते वं. कालपासूनच. कोणाले वळखत नव्हते. तू आली असती तरी काय?” मी दिनूकडे पाहिलं. तो चुलीजवळ काहीतरी करत बसला. दोन दिवसांनी तो एकटा भेटल्यावर विचारलं, तर म्हणाला, “हो ताई, शुद्धीवरच नव्हते ते. कोणाले वळखत नव्हते. मी असंच बोललो त्या दिवशी.” बोलताना त्यानं आईचेच शब्द वापरले, त्याच क्रमानं. दोघं एकाच हॉटेलात चहा पिऊन आले होते.

तेराव्या दिवसापर्यंत मी दुसरा काही विचार करू शकले नाही. बाबांना कळत होतं का? ते वाट पाहत होते का? पाहत असतील तर मला ते माहीत हवं होतं, आणि नसतील तरी माहीत हवं होतं. आईवर माझा विश्वास नव्हता, कारण ती माझी आई होती.

दवाखान्यातून एक कागद आणायचा राहिला होता. दिनू जातो म्हणाला. मी म्हणाले, मी जाते.

अकोल्यातला तो एक खाजगी दवाखाना. कागद मिळायला वेळ होता. मधल्या जागेत एक मावशी पोछा मारत होती, पन्नाशीची, पदर खोचलेला. मी तिला विचारलं, पंधरा दिवसांपूर्वी हिवरखेडचे एक म्हातारे बाबा इथे होते, आठवतात का?

“तुमी कोण त्यायच्या?”

“गावातली. कागद न्यायला आले.” मी खोटं बोलले. मुलगी म्हटलं असतं तर तिनंही शांत गेले म्हणून सांगितलं असतं.

“तीन नंबरच्या खाटेवरचे? अवं, त्यायनं तं डोकं उठवलं होतं माह्यं,” ती पोछा टेकवून म्हणाली. “मी सकाळी सहाले आली तं मले म्हनतात, बाई, पुण्याची गाडी अकोल्याले कितीले येते? म्हटलं, पाचले. बरं म्हने. मंग वॉचमन आला चक्कर माराले, तं त्याले हाक मारून इचारलं. म्या म्हटलं, बाबा, आत्ताच सांगितलं ना तुमाले, मी काय खोटी बोलून राहिली? तं हसले जराशे. वॉचमनबी पाचच म्हने.”

“मग?”

“मंग घड्याळाकडं पाहिलं. म्हने, म्हंजे येऊन गेली.”

“मग?”

“मंग काही नाही. भिंतीकडं तोंड केलं.”

मावशीनं बादलीत पोछा पिळला. मला आणखी कोणाला विचारायची गरज उरली नव्हती. ही बाई बाबांना ओळखत नव्हती, आणि असं काही तिला रचता आलं नसतं. त्यांनी दोघांना विचारलं होतं. दिनूनं रात्री त्यांना सांगितलं असणार, ताई निघाली, येऊनच राहिली. त्यांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून. आणि त्यांनी नेहमीप्रमाणे खात्री करून घेतली.

“त्यायची पोरगी होती पुण्यात,” मावशी म्हणाली. “आली होती काय मंग? मी दहाले दुसऱ्या मजल्यावर गेली, मले समजलंच नाही.”

“आली होती.”

“भेट झाली?”

“झाली.”

“बरं झालं बाई. जीव लागून राहिला होता माह्या.”

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. कागद तिनं हातात घेतला नाही. “तिथं कोणी भेटलं काय? कोणी काही बोललं काय?”

“कोण बोलणार? ओळखीचं कोणी नव्हतं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “शुद्धीवर नव्हते ते.” मी हो म्हणाले.

आता पुण्यात परत येऊन तीन महिने होत आले. आई रोज फोन करते, सगळं बरं आहे म्हणते. त्यानंतर मी दिनूला विचारते, आणि मग शेजारच्या काकूंना विचारते. बांधावरून भांडण झाल्यापासून दिनूचं आणि काकूंचं बोलणं बंद आहे. बाबांना ही जोडी आवडली असती.

घर म्हणजे पूर्वी मला हिवरखेडची ती बैठक आणि तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाटायचं. आता घर म्हणजे जिथून ‘निघून ये’ असं आलं की काही न विचारता निघायचं, ती जागा. तो शब्द खरा की खोटा, हे मी पोचल्यावर पाहीन. एक छोटी बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे. संध्याकाळची गाडी अकोल्याला अजूनही पहाटे पाचलाच येते. मी दोघांना विचारून ठेवलं आहे, आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख नाही.