डाव्या हाताचा वड

सायकल कुठून आली ते हरिबाला कळलंच नाही. रस्ता मोकळा होता. मागून कंडक्टर कृष्णातनं दोरी ओढली, घंटी खणखणली आणि हरिबानं करकचून ब्रेक दाबला. मान डावीकडं वळवली तेव्हा त्याला सायकलवाला दिसला. एक पाय चरीत, तोंड पांढरंफटक. लागलं कुणालाच नव्हतं. तो शिव्या देत निघून गेला. हरिबाचे हात मात्र स्टिअरिंगवरून निघेनात.

हरिबा माण तालुक्यातल्या मेंढपाळाचा मुलगा. पोरवयात झुडपात दडलेला लांडगा त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचा. त्या नजरेवरच तो पुढं लष्करात ट्रक चालवायला लागला, मग एसटीत आला. कऱ्हाड ते औंध ही त्याची कायमची गाडी, जाताना दुसऱ्या वाटेनं, येताना पुसेसावळीवरून. तिला कधी ओरखडा उठला नव्हता.

आता घरातसुद्धा डावा खांदा चौकटीला आपटायचा. डाव्या कोपराचा धक्का लागून तांब्या कलंडायचा. मागच्या आठवड्यात भाजी विकणारी धोंडुबाई तणतणत गाडीत चढली. म्हणाली, "आवं डायवर, आमी रस्त्याकडंचा धोंडा हाय व्हय?" गाडी हसली. हरिबाही हसला. ती कशावरनं बोलतेय, ते त्याला उमगलं नव्हतं.

डॉक्टरकडं जायची त्याला भीती वाटायची. डॉक्टरला कळलं की डेपोला कळणार. डेपोला कळलं की हातातून गाडी जाणार. गाडीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. जेवताना घास नुसता तोंडात फिरायचा, चव लागायची नाही.

औंधला गाडी दुपारभर उभी राही. तेव्हा तो डोंगरावरच्या संग्रहालयात जाऊन बसे. एकदा तिथल्या चित्रासमोर त्याच्या मनात आलं, हे काढणाऱ्याला कोपरान् कोपरा दिसत असणार. मग आपण रोज बघतो तेच आपण काढावं. डोळा धड आहे की नाही ते आपलं आपल्याला कळेल.

बाजारातून त्यानं पोरांची रंगाची पेटी आणली आणि शाळेची चित्रकलेची वही. रंग खडूसारखे निघाले. कागद भिजून पापडासारखा फुगला. आभाळात ब्रशचा केस चिकटून बसला. चित्राचा चिखल झाला, आणि हरिबाला हायसं वाटलं. दोष रंगाचा होता, कागदाचा होता. या समाधानावर त्यानं बरेच दिवस काढले.

कृष्णात तरुण होता. मराठी घेऊन बी. ए. झालेला, दुसरी नोकरी न मिळाल्यानं तिकिटं फाडणारा. हरिबादादाला या वयात छंद लागला याचंच त्याला कौतुक. सुट्टीच्या दिवशी तो हरिबाला ओढत सांगलीला बाळासोच्या रंग-कागदाच्या दुकानात घेऊन गेला. हरिबाला जायचं नव्हतं. का नाही, ते सांगता येत नव्हतं.

बाळासोनं आधी हरिबाच्या वहीच्या कागदाच्या कोपऱ्याला जीभ लावली. ओल लगेच आत मुरली. मग जाड, हातकागदाचा ताव काढून त्यालाही लावली. ओल वरच चमकत राहिली. खळ चांगली बसलीय, तो म्हणाला, यावर रंग पसरेल, पण आत पळणार नाही. खारीच्या केसांचा ब्रश पाण्यात बुडवून त्यानं झटकला. केस आपोआप एका टोकाला जुळले. चोवीस रंगांची पेटी त्यानं बाजूला सारली आणि मोजक्या ट्यूबा पुढं केल्या. हिरवा यातूनच होतो, तो तुमचा तुम्ही करा.

"पांढरा राहिला की," कृष्णात म्हणाला.

"पांढरा विकत घ्यायचा नसतो. कागद राखायचा. एकदा भरला की परत न्हाई मिळत."



शिकणाऱ्याला एवढं भारी कशाला, मधलं द्या, असं कृष्णात सांगत होता. हरिबा त्या तावावरून बोटं फिरवत राहिला.

"हेच द्या," तो शेवटी म्हणाला. "चुकलं तर माझं चुकलं, हे कळू दे. कागदाचं न्हाई."

वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे, असं म्हणत कृष्णात हसला. हरिबानं पैसे मोजले.

त्यानं पुसेसावळीच्या अलीकडचं वळण काढलं, आपल्या सीटवरून दिसतं तसं. उजवीकडं विहीर, मोटारीची नवी शेड. मध्ये रस्ता. डावीकडं वड. कागदानं पाणी झेललं, ब्रश हवा तिथं थांबला. वडाच्या पानांतून ऊन झिरपतं तिथं त्यानं कागद जपून कोरा राखला. चित्र वाळल्यावर त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं. काही सुटलं नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्याला अन्न गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी औंधच्या स्टँडवर त्यानं ते कृष्णातपुढं धरलं. कृष्णात खूश झाला. शेडचा परवा घातलेला पत्राही यात आहे, म्हणाला. मग त्याचं बोट डावीकडं गेलं आणि थांबलं.

"हा वड कुठला, दादा?"

"वळणावरचा. डाव्या हाताचा."

कृष्णातला चेष्टा वाटली. हरिबाच्या तोंडाकडं बघून त्याचं हसू मावळलं.

"त्यो दिवाळीआधीच तोडला. रस्ता रुंद केला तवा. नुसतं खोड हाय तिथं."

हरिबानं चित्र गुंडाळायला घेतलं.

"शाळंची पोरं त्या खोडापाशी उभी असत्यात. धोंडुबाई असती. हात करत्यात. मी तिकिटात असतो. मला वाटायचं, तुमी मुद्दाम थांबत न्हाई."

परतीची गाडी भरली होती. खिडकीतून एक पोर बाहेर डोकावत होतं. हरिबा ड्रायव्हरच्या दारापर्यंत गेला, पाय उचलला आणि तसाच खाली टेकवला. मग तो कंट्रोलरच्या खिडकीशी गेला.

"मला डाव्या अंगाचं दिसत न्हाई. माझ्या हातात गाडी देऊ नका."

कंट्रोलरनं आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. वडूजच्या गाडीचा ड्रायव्हर येईपर्यंत लोक कुरकुरत राहिले. कुणी म्हणालं, डायवरला जावयासारखं रुसायला झालंय. हरिबा गुंडाळलेलं चित्र मांडीवर घेऊन डावीकडच्या खिडकीशी बसला. कृष्णात घंटी द्यायचीच विसरला. ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं तेव्हा त्यानं दोरी ओढली.

वळण आलं तशी हरिबानं सगळी मान फिरवली. वड नव्हता. नुसतं आभाळ. खाली पांढरं खोड, आणि हात वर केलेली पोरं, इतकी कडेला की खिडकीतून हात काढला असता तर डोक्यांना लागला असता. रोज तो त्यांच्याजवळून असाच गेला होता. त्यानं पुढचा दांडा घट्ट धरला.

गाडी थांबली. पोरांमागून भाजीची पाटी घेऊन धोंडुबाई चढली. हरिबाला प्रवाशांच्या सीटवर बघून ती चकित झाली.

"तुमी हितं व्हय? मग तिकडं कोण हाय?"

"ज्याला तुमी दिसता, त्यो," हरिबा म्हणाला, आणि तिच्या पाटीला जागा व्हावी म्हणून सरकला.